साखरेचा दुसरा चमचा

“दार उघडंच होतं, सर. मग मी चोर कसा?”

हे विचारत निनाद चौगुले थेट मुजावर सरांच्या स्वयंपाकघरापर्यंत आला होता. पुढचं दार उघडं, मधलं दार उघडं. हाक मारायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही.

सर गॅसवर चहाचं आधण ठेवत होते. अंगात बनियन, कमरेला लुंगी. वर्गात कायम इस्त्रीच्या शर्टात असणारा माणूस असा बघून निनाद गडबडला, पण थोडाच.

“बस,” सर म्हणाले आणि खुंटीवरचा शर्ट अंगात घालून आले.

निनाद तालुक्याच्या कॉलेजात सायबर सिक्युरिटी शिकत होता. व्यावसायिक पदवीचं शेवटचं वर्ष. वर्गात पंधरा जण, त्यात हा पहिला, आणि याची सगळ्यात जास्त खात्री त्याची त्यालाच. सरांचं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेलं. निवृत्तीनंतर कॉलेजनं त्यांना प्रात्यक्षिकांसाठी बोलावलं, तर पहिले तीन महिने त्यांनी पोरांना नुसत्या तारा जोडायला लावल्या. तेव्हापासून निनादच्या लेखी ते ‘तारवाले’. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते खोटं नाही. आज त्याला तारवाल्याचंच घर गाठावं लागलं होतं.

झालं होतं असं. डॉक्टर मगदूमांच्या लॅबमधून त्याच्या वडिलांच्या रक्ताचा रिपोर्ट मोबाइलवर आला. लिंकच्या शेवटी एक नंबर होता. निनादनं सहज त्यातला शेवटचा आकडा बदलून बघितला, तर भलत्याच माणसाचा रिपोर्ट उघडला. पुन्हा बदलला, तर तिसऱ्याचा. कडी नाही, कुलूप नाही. दोन तासांत त्यानं चारशे रिपोर्ट उघडले. मग एकाचा फोटो काढला, नाव खोडलं आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘गावातली सगळ्यात मोठी धर्मशाळा.’

फोटो फिरत फिरत डॉक्टरांपर्यंत गेला. उद्या सकाळी पोलिसांत तक्रार देतो, असा त्यांचा प्राचार्यांना निरोप आला. तक्रार झाली की पुण्याची अप्रेंटिसशिप गेली, कारण तिथं रुजू होताना पोलिसांचा चारित्र्याचा दाखला लागत होता. आणि अप्रेंटिसशिप नाही तर पदवी नाही. तीन वर्षं पाण्यात.

“तुम्ही बोला डॉक्टरांशी,” निनाद म्हणाला. “तुमचा शब्द ते मोडणार नाहीत.”

“काय सांगू?”

“मी काही चोरलं नाही. काही बदललं नाही. उलट त्यांची चूक मी दाखवून दिली. मी नुसतं बघितलं.”

“नुसतं बघितलं...”

सर एवढंच म्हणाले आणि चहा गाळायला लागले. निनादच्या कपात एक चमचा साखर घातली. आपल्या कपात एक घातली. मग दुसरा चमचा भरून उचलला.

“सर, साखर नको,” निनाद बोलून गेला. “तुम्हाला आता...”

आणि थांबला.

चमचा तसाच हातात राहिला. सरांनी निनादकडे बघितलं नाही. ते दाराबाहेर अंगणात बघत होते. तिथं त्यांच्या पत्नी तांदूळ निवडत बसल्या होत्या.

“कितवा होता माझा?” त्यांनी आवाज खाली आणून विचारलं.

“शंभराच्या पुढं... कुठंतरी.”

“नाव दिसल्यावर बंद केलास?”

“नाही, सर. शेवटपर्यंत वाचला.”

सरांनी मान हलवली. पोरीचं बाळंतपण तोंडावर आहे, ते पार पडू दे, मग घरात सांगू, असं त्यांनी ठरवलं होतं म्हणे. तीन आठवडे एकट्यानं सांभाळलेली गोष्ट. बायकोच्या आधी ती वर्गातल्या पोराला ठाऊक झाली होती.

आवाजात राग नव्हता. असता तर निनादला बरं वाटलं असतं, वाद घालता आला असता. आता त्याला एकेक नाव आठवायला लागलं. मेसमधल्या मावशी. वर्गातल्या एका पोराची आई. समोरच्या गल्लीतला नुकतं लग्न ठरलेला मुलगा. सगळे रोज भेटणारे, आणि सगळ्यांचं काही ना काही याला माहीत. त्याला मनापासून लाज वाटली.

सरांनी चमचा परत डब्यात रिकामा केला.

“चहा पी. मग जाऊ.”

“तुम्ही बोलाल ना, सर?”

“मी नुसतं बघणार,” सर म्हणाले.

लॅबचं काचेचं दार उघडंच होतं. निनादचे पाय उंबऱ्याशी थांबले. डॉक्टरांनी मान वर करून हातानं बोलावलं, तेव्हा तो आत गेला. सर बाहेरच्या बाकावर पेशंटांच्या ओळीत बसले आणि भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिले.

घरून निघताना निनादनं वकिली पाठ केली होती. ती जिभेवर आलीच नाही. किती वाजता सुरू केलं, किती रिपोर्ट उघडले, हे त्यानं सांगितलं. ओळखीची नावं दिसल्यावरही वाचत गेलो, हेही सांगितलं. खरं तर हे कुणालाच कळलं नसतं. फोटो काढून टाकला आहे, चौदा जणांना फोन करून काढायला लावला आहे, असं सांगून त्यानं माफी मागितली.

डॉक्टर संतापलेलेच होते. सकाळी एका बाईचा रडत फोन आला होता, म्हणाले. ग्रुपवर फिरतोय तो रिपोर्ट आपलाच, असं तिला वाटलं होतं. तो तिचा नव्हता, पण तिची समजूत घालायला अर्धा तास गेला.

मग डॉक्टरांनी विचारलं, “अजून उघडतात?”

“हो, डॉक्टर. आत्ता या क्षणीसुद्धा.”

डॉक्टरांचा राग जागच्या जागी विरला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. निनादनं टेबलावरचा कोरा कागद मागितला. भोक कुठं आहे, कसं बुजवायचं, तोवर काय बंद ठेवायचं, ते साध्या मराठीत लिहून दिलं. डॉक्टरांनी तो कागद हातात धरून लॅबचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला फोनवर धारेवर धरलं. तासाभरात लिंक बंद झाली. निनादनं त्यांच्यादेखत त्यांच्याच फोनवर तपासायला लावलं. काही उघडलं नाही.

डॉक्टरांनी खणातून तक्रारीचा अर्ज काढला. एकदा वाचला. मग फाडून टोपलीत टाकला.

निनादचा जीव भांड्यात पडला. बाहेर येऊन तो पायरीवर मटकन बसला. हसू येतंय की रडू, हे त्याचं त्यालाच समजेना. दोन दिवसांत पहिल्यांदा त्याला कडकडून भूक लागली. सर त्याच्यासमोरून गेले, रस्ता ओलांडून वडापाव घेऊन आले आणि काही न बोलता त्याच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्याला पुन्हा बोलावलं आणि आपल्या पॅडवर चार ओळी लिहून दिल्या. शनिवारी दुपारी दोन ते चार, माझ्यासमोर, आमची सगळी यंत्रणा याने तपासावी. यात लिहिलं नाही त्याला हात लावू नये. खाली सही आणि शिक्का.

पोरानं तो कागद रस्त्यात तीनदा वाचला. कॉलेजात मिळालेल्या कुठल्याही मार्कलिस्टचा त्याला इतका आनंद झाला नव्हता. तसाच तो संध्याकाळी सरांच्या घरी आला.

सरांच्या पत्नी अंगणात धुणं काढत होत्या. रात्रीच यांनी मला सगळं सांगितलं, साखरेचा डबा आता माझ्या ताब्यात आहे, असं त्यांनी हसत सांगितलं. डोळे मात्र सुजलेले होते.

“जा की आत,” त्या म्हणाल्या. “घरातच आहेत.”

पुढचं दार उघडं होतं. मधलंही.

निनादनं चपला पायरीखाली काढल्या आणि उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

“येऊ का, सर?”

आत कप ठेवल्याचा आवाज झाला. मान जराशी पुढं केली असती, तर सर दिसले असते.

“नको.”

निनादनं मान पुढं केली नाही, का म्हणून विचारलं नाही.

“बरं, सर,” म्हणाला. कागदाची घडी खिशात ठेवली आणि पायरी उतरला.

एक चप्पल पायात गेली, तेवढ्यात आतून हाक आली.

“निनाद... आता ये.”