पाटाबाहेरचे घर

त्या पाटाचे पहिले ढेकूळ फुटताना मी पाहिलेले नाही. जिची ही कथा आहे त्या मुलीलाही मी पाहिलेले नाही, आणि तिला शेवटचे पाहिले असे म्हणणाऱ्यांचे सांगणे एकमेकांशी जुळत नाही. सर्वांच्या सांगण्यात जेवढे सारखे आहे, तेवढेच येथे सांगते.

फार पूर्वी एका लांब डोंगरसोंडेवर एक गाव होते. सोंड अरुंद होती, म्हणून घरे एकापुढे एक, एकाच ओळीत वसलेली होती. ओळीच्या वरच्या टोकाला गावाला एक झरा सापडला. खालच्या टोकाला, जिथे सोंड सरून खोल दरी सुरू होई, तिथे एका कुंभारणीचे घर होते. तिला येसू नावाची एकुलती एक मुलगी होती. झरा सापडेपर्यंत सारे गाव दरीतल्या नदीचेच पाणी पीत असे.

झऱ्याचे पाणी पाटाने घरोघर न्यावे, असे गावाने ठरवले. पण गावाची एक रीत होती. कोणत्याही गोष्टीचा तळ दिसू द्यायचा नाही. कणगीत मूठभर धान्य राखायचे. विणकराने शेवटचा धागा मोकळा सोडायचा. ‘संपले’ हा शब्द तर तोंडातून काढायचाच नाही. पीठ संपले की ‘पीठ वाढले’ म्हणायचे. तसे आपणही म्हणतो; पण म्हटल्यावर आपण दळण दळायला घेतो.

पाटाचेही त्याच रीतीने ठरले. दरवर्षी सुगीनंतर, पाटाच्या टोकापासून शेवटच्या घराच्या उंबऱ्यापर्यंत जेवढे अंतर उरले असेल, त्याच्या निम्मे खणायचे आणि निम्मे राखून ठेवायचे. दुसरा नियम असा, की ज्याच्या दारावरून पाट गेला त्यानेच त्यात घागर बुडवावी. नाहीतर टोकाशी झुंबड उडून पाणी गढूळ होईल. दोन्ही नियम विचारी माणसांनी केले होते. त्यांत कोणाचे वाईट चिंतलेले नव्हते.

पहिल्याच वर्षी निम्मे गाव पाटात आले. पुढच्या वर्षी उरलेल्यातले निम्मे. पाटातली घरे वाढत गेली. एकदा आत आलेले घर पुन्हा बाहेर पडले नाही. पाटाबाहेरची घरे घटत गेली. त्यांत नवे घर कधी शिरले नाही. चावडीवर गावचा कारभारी दरवर्षी हेच दोन दाखले देई. दोन्ही खरे होते.

दरीच्या वाटेचा दाखला मात्र कोणी देत नसे. ती वाट उभी होती आणि शेवाळलेली होती. पूर्वी बाया रांगेने उतरत. अवघड पायरीवर वरची बाई खालचीचा हात धरी, घागरी हातोहात वर येत. आता जे घर पाटात येई, तिथली बाई रांगेतून कमी होई. रांग दरवर्षी आखूड होत गेली. शेवटी तिच्यात दोघीच उरल्या: येसू आणि शेजारची तेलीण.

मग एके वर्षी पाट तेलणीच्या दारावरून गेला.

तेलीण म्हणाली, “येसू, तोंड पाडू नकोस गं. पुढच्या साली तुमच्या दारी.”

“गेल्या साली आपण दोघी हेच म्हणत होतो, काकी.”

“मग आलं ना पाणी?”

“तुमच्याकडं आलं.”

त्या वर्षी कुंभारीण चावडीवर जाऊन उभी राहिली. पोर एकटी दरी उतरते, एवढेच तिच्या मनात होते.

“कारभारी, पाट माझ्या दारी कधी येणार?”

“येतोच आहे की, बाई. दरसाल जवळ येतोय. तुझ्या उंबऱ्यावर बसलं तर खळखळ ऐकू येते म्हणे.”

“कानांनी तहान भागत नाही.”

चावडी हसली. कारभारी समजुतीने म्हणाला, “तेलणीलाही असंच वाटायचं. तिच्या अलीकडच्या वाण्यालाही वाटायचं. आला ना त्यांच्या दारी पाट? जे सगळ्यांचं झालं ते तुझंही होईल.”

“त्यांचं झालं, कारण त्यांच्या पुढं माझं घर होतं. माझ्या पुढं काही नाही. तुमची मोजणी माझ्या उंबऱ्याशी थांबते. उरलेल्याचं निम्मं, मग त्यातून उरलेल्याचं निम्मं. दरसाल काहीतरी उरणार, आणि त्या उरलेल्याच्या पलीकडं मी.”

हे खोडून काढता येण्याजोगे नव्हते. म्हणून एका म्हाताऱ्याने विचारले, “मग तुझं म्हणणं तरी काय?”

“मोजणी माझ्यापाशी थांबवू नका. पलीकडं, दरीच्या काठाशी खुंटी ठोका आणि तिथवर मोजा. मग निम्म्या-निम्म्यानं का होईना, कधीतरी माझं दार ओलांडाल.”

“काठावर पाट? तिथं पाणी कोण पिणार, घोरपडी?”

चावडी पुन्हा हसली.

“तर मग एकदाच उरलेलं सगळं खणा. सकाळी फावडं धरलं तर न्याहारीच्या आत संपेल.”

हसू थांबले. कारभाऱ्याने कानांवर हात ठेवले. “वाढेल म्हण, बाई. वाढेल म्हण.”

“वाढेल म्हटलं तर खणाल?”

चावडी उठली.

सुगीनंतर गावाने हळदकुंकू वाहून, नारळ वाढवून, उरलेल्याच्या निम्मे खणले. आता पाटाचे टोक आणि कुंभारणीचा उंबरा यांच्यामध्ये एखादे वासरू आडवे बसले असते, एवढीच जमीन राहिली. टोकाचे जादा पाणी बाजूच्या खडकात मुरून जाई. येसू ते तसेच मागे टाकून घागर घेऊन दरीत उतरे. अवघड पायरीवर तिचा हात धरायला कोणी नव्हते.

पावसाळा सरता सरता, शेवाळ ताजे असताना, एका सकाळी ती उतरली आणि दुपार झाली तरी वर आली नाही. आईने हाक घातली. कित्येक वर्षांनी सारे गाव त्या वाटेने खाली गेले. पाय कुठे टेकावा, हे बहुतेक बायांच्या स्मरणातून गेले होते. त्या एकमेकींचे हात धरून उतरल्या. त्या दिवशी वाटेवर हातांना तोटा नव्हता. येसू सापडली नाही.

पुढच्या सुगीलाही नियम पाळला गेला. कारभारी निर्दय नव्हता. दोरी धरताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. पण त्याने निम्मेच मोजले. उंबऱ्यात बसलेली कुंभारीण मोठ्याने म्हणाली, “संपलं.” या वेळी तिचा शब्द कोणी सुधारला नाही.

त्या दिवसापासून तेलीण रोज एक घागर तिच्या दारात आणून ठेवू लागली. नियमाला ते धरून नव्हते. कोणीही हरकत घेतली नाही, आणि पाणीही गढूळ झाले नाही.

जो नियम प्रत्येक पाऊल पुढे पडले एवढेच पाहतो, त्याच्या हातून शेवटचा माणूस कायमचा बाहेर राहतो.

नदीकाठच्या खडकावर येसूची घागर मिळाली होती. ती काठोकाठ भरलेली होती, आणि डोक्यावरची चुंबळ नीट घडी करून तिच्या तोंडावर ठेवलेली होती. येसू पाय घसरून डोहात गेली, की घागर तिथेच ठेवून पलीकडच्या काठाने चालू लागली, हे त्या गावात अजून कोणालाही सांगता आलेले नाही.