गवताच्या वाटचं पाणी

पानबोडीच्या ढिवरटोलीत, मासे धरणाऱ्यांच्या वस्तीत, कुठल्याही दारात वाकून बघा, माठाशेजारी काठ उडालेला एक घडा असतो. त्यात चिखल, पाणी आणि बोटभर गवत. पाहुणे हसतात. हसू द्या. चिला आणि गाद म्हणतात या गवताला. ते तळ्याच्या बुडाशी वाढतं आणि मासोळी त्यातच अंडी घालते.

सांगतात, फार मागे सलग दोन वर्षं पाऊस रुसला. तळं आटून डबक्याएवढं उरलं. गावाचे जमीनदार, मालगुजार दाजीबांनी उघड्या तळात गावाची ढोरं बसवली आणि त्या शेणखतावर वाल पेरला. गाव खूश! जळफळली ती एकटी कौतिका ढिवरीण. नवरा गेलेला, जाळ्यावरच तिचं पोट. खत धानाला मानवतं, तळ्याला नाही, हे तिनं दारोदार सांगितलं. पण ऐकतो कोण? मग तिनं डबक्यातलं गवत मुळासकट उपटून सात घड्यांत लावलं आणि आपल्या पिण्याच्या पाण्यातून त्याला घालू लागली.

माणसं तहानलेली आणि ही बया तणाला पाणी पाजते! पंचांनी बोलावलं, तर तिथंही ताठच.

"माह्या वाटचं पानी मी पेईन, नाही तं गवताले पाजीन. तुमी कोन इचारनारे?"

विहिरीवरची तिची पाळी बंद झाली. तेव्हा ती म्हणे दोन कोसांवरच्या नाल्याच्या वाळूत झिरा खणायची, पाझरेल ते पाणी आणायची, आधी घडे भिजवायची आणि उरलं तर प्यायची. ओठ फुटले, पण गवत हिरवं राहिलं.

तिसऱ्या वर्षी तळं काठोकाठ भरलं. महिन्याभरात पाणी हिरवं, दाट झालं, घाण मारू लागलं. मासोळ्या मरून तरंगल्या. बुडाशी गवताची काडी नव्हती. शेवटी दाजीबा स्वतः टोलीत आले, गवत मागायला.

कौतिकानं अट घातली. तळ्याचा दरवाजा उघडा, सडकं पाणी धानाला सोडा, धान खाईल ते. भरलेलं तळं रिकामं करायचं? गाव कुरकुरलं. पाऊस परत फिरकलाच नाही तर? ती मात्र तसूभर हलली नाही.

"पह्यले शेन काहाडा. ढोरं ज्यानं बसवली, टोपली त्याच्याच डोक्यावर."

दाजीबांनी दरवाजा उघडायला लावला. तळं रिकामं होताच त्यांनी पागोटं उतरवलं आणि शेणाळ गाळाची पहिली टोपली उचलली. मग सारं गाव उतरलं. कौतिकानं सातही घड्यांतलं गवत रोवलं, हस्ताचा पाऊस पडला आणि हिवाळ्यापर्यंत पाणी नितळ झालं.

आजही उन्हाळ्यात पानबोडीच्या तळात कोणी ढोर बसवत नाही. भटकं जनावर शेण टाकून गेलंच, तर ते उचलायचं मालगुजारांच्याच घरानं. निरोप कोणी धाडत नाही. ते आपणहून येतात, अनवाणी, टोपली घेऊन. आणि टोलीच्या बाया कमरेवर हात ठेवून काठावर उभ्या असतात, शेणाचा शेवटचा पो उचलेपर्यंत.