नाव घेऊन पाणी

तहानेल्या जिवांत वसणाऱ्या नारायणाला वंदन.

यात्रेत मिठाईवाल्या माणिकशेटांनी पाणपोई घातली. पण पाणी मागणाऱ्याने आधी त्यांच्या नावाचा जयजयकार करायचा. तहानेकडून जाहिरात वसूल करणारे हे कसले पुण्य? फुलवाल्या यमुनाबाईंची नात मुकी. पाणपोईवरच्या गड्याने तिच्या ओठांपासून पेला मागे घेतला, तशा यमुनाबाई संतापाने उठल्या.

शेट हसले. "आजी, तिच्याऐवजी तुम्ही घ्या नाव. काय जातंय?"

"घेते की. दक्षिणेला तोंड करून घेते. आमच्यात नाव घेऊन पाणी सोडतात ते तर्पणात, गेलेल्या माणसाला. घेऊ?"

शेटांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी स्वतः मुलीला पाणी पाजले आणि अट काढून टाकली. त्या यात्रेत पाणी पिऊन तृप्त झालेले लोक आपणहून पाणपोईवाल्याचे नाव विचारत त्यांच्या दुकानी आले.

श्रोतेहो, तुमच्या घरचे माठ सदा भरलेले राहोत.