शिंगाचा मान

खूप खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षं झाली, ते आता डोंगरांनाही सांगता यायचं नाही. गवताळ डोंगरांच्या कुशीत एक गाव होतं. त्या गावाला ना चोराचं भय होतं, ना वाघाचं. भय होतं ते वणव्याचं.

म्हणून गावानं एक राखणपथक नेमलं होतं. टेकडीवर शिंग वाजलं की गुरांची दावी सोडायची, पोरं उचलायची आणि नदीच्या वाळवंटात धाव घ्यायची, असा नेम. शिंग फुंकण्याचा मान पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराकडे होता. त्या घरचा शिंगाड्या म्हातारा होता आणि मानी तर त्याहून जास्त.

एका हिवाळ्यात त्याला खोकल्यानं धरलं. उठून बसता येऊ लागल्यावर तो एकटाच ओढ्याकाठी गेला आणि शिंग ओठांना लावलं. नुसती हवा गेली, आवाज उमटेना.  सांगावं तर मान जाईल. न सांगावं तर काय होईल, याचा विचारच तो करत नसे. डोंगरावरचं गवत वाळत चाललं, तशी त्याची झोप उडाली.

उन्हाळ्याच्या तोंडावर पलीकडच्या खोऱ्यातून एक बाई आली. तिचं गाव वणव्यात जळालं होतं. तेव्हापासून ती गावोगावची राखणपथकं तयार करी आणि जिथं जळलं असेल तिथं छपरं उभी करायला हात लावी. तिनं पथकाला विचारलं, ऐन वणव्यात शिंगाड्या आजारी असला तर फुंकणार कोण? सगळे हसले. असं आजवर कधी घडलं नाही म्हणे. जसा काही वणवा विचारूनच येतो! मग ती म्हणाली, एकदा वाजवून तरी पाहू, गावाची तालीम होईल.

म्हातारा घाईघाईनं म्हणाला, "आगीवाचून शिंग फुंकणं अपशकुनाचं असतं."

पथकानं माना डोलावल्या. अपशकुनापुढं शहाणपण कुठं चालतं?

थोड्याच दिवसांनी भरदुपारी डोंगरावर धूर उठला. त्याच डोंगराच्या उतारावर शिंगाड्याची लेक बायकांबरोबर गवत कापत होती. म्हाताऱ्यानं टेकडीवर चढून शिंग फुंकलं, पुन्हा फुंकलं. डोळ्यांपुढं अंधारी आली, पण शिंग मुकं ते मुकंच.

खाली ती बाई परात बडवत दारोदार फिरली. लोकांनी धूर पाहिला आणि ते उंबऱ्यावरच बसून राहिले. शिंग वाजलं नाही म्हणजे आग लांब आहे, असं एकमेकांना समजावत राहिले. डोंगर तडतडत होता, अंगणात राख पडत होती, तरी कुणी दावं सोडलं नाही.

शेवटी म्हातारा ठेचकाळत खाली आला.

"माझा दम हिवाळ्यातच गेलाय," तो म्हणाला. "शिंग आता वाजायचं नाही. मी लपवलं. पळा."

मग एकच पळापळ झाली. माणसं कशीबशी वाळवंटात पोचली. घरं मात्र गेली आणि गोठ्यांत बांधलेली गुरं हंबरत हंबरत जळाली. ते हंबरणं सगळ्या गावानं उभ्यानं ऐकलं.

लेकीचा पत्ता नव्हता. त्या परक्या बाईचा हात धरून म्हातारा डोंगराकडं बघत उभा होता. दिवस मावळताना बायका ओढ्याच्या पात्रातून आल्या, काळवंडलेल्या, भाजलेल्या. लेक त्यांच्यात होती.

"आबा," ती म्हणाली, "धूर दिसत होता. तरी आम्ही शिंगाची वाट बघत थांबलो. का नाही वाजवलं?"

म्हाताऱ्यानं शिंग लेकीच्या हातात दिलं. ती बाई पावसाळ्यापर्यंत गावात राहिली, आणि छपरांबरोबर पथकही नव्यानं उभं राहिलं. आता शिंग घरोघरी होतं, फुंकायला शिकवत होता तोच म्हातारा, आणि पहिली शिकली ती त्याची लेक.

ज्या कामावर साऱ्या गावाचा जीव टांगलेला असतो, ते काम कुणा एकाच्या मानाचं ठेवू नये.