नाव घेतल्याशिवाय नेट नाही

“लेक भोळा नि सून मुकी. चार महिने झाले गं, एकदा नाव घेतलं नाही तिनं. उखाणा म्हटलं की जमिनीकडं बघते,” सासूबाई ओसरीवर शेजारच्या गजराकाकूंना सांगत होत्या.

सून आत खिडकीशी लॅपटॉपपुढं बसली होती. कानाला हेडफोन लावलेल्या माणसाला बाहेरचं ऐकू येत नाही, असा त्या घरात समज होता. हेडफोन बंद होता. नेट गेलं होतं.

तर जांभुळणी गावात असा एक भोळा नवरा होता. पुराणिकबुवांनी पोथीत बघून त्याचं नाव प्रद्युम्न ठेवलं. ते घरात कुणाला उच्चारता येईना, म्हणून सगळे त्याला पदू म्हणत. बायको ‘अहो’ म्हणे. खरं नाव तेवढं आधार कार्डावर राहिलं. बायकोला सगळे सूनबाई म्हणत. तिचं नाव इथं सांगता येत नाही. कारण पुढं येईल.

सूनबाई पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करी. तिकडं डॉक्टर बोलत, इकडं ती ऐकून टाइप करी. दिवसभर ऐकायचं, बोलायचं नाही. हे काम तिला मानवलं होतं. पण नेट रोज पडे. शेवटी तिच्या वरच्या मॅडमनी सांगितलं, शुक्रवारी चार वाजता अर्धा तास बघू. नेट टिकलं तर गावातून काम करा. नाही तर सोमवारी पुण्यात हजर व्हा.

“म्हणजे तू जाणार?” पदूनं विचारलं.

“नेटवर आहे.”

पदू त्या दिवशी जेवला नाही. संध्याकाळी म्हणाला, “नेटकडं आता मी बघतो.”

तिथून सगळं सुरू झालं.

सोमवारी नेट अडकलं. पदूनं केबलवाल्या दस्तगीरभाईंना फोन लावला.

“सगळं बंद करा, दहा मोजा, परत चालू करा,” दस्तगीरभाई म्हणाले.

पदूनं सगळं बंद केलं. मेन स्विच पाडला. कुकरखालचा गॅस बंद केला. वडील, म्हणजे अण्णा, बातम्या ऐकत होते, तो रेडिओ बंद केला. दारं-खिडक्याही लावून घेतल्या. मग अंधारात उभं राहून दहा मोजले.

“अहो,” सूनबाई म्हणाली, “मी कामाला बसले असताना काही बंद करायचं नाही.”

“बरं,” पदू म्हणाला.

मंगळवारी सासूबाई देवळात गेल्या. जाताना पदूला दुधापाशी उभं करून गेल्या. दूध तापलं, वर आलं. पदूनं डोकावून बघितलं. बायको कामाला बसली होती. त्यानं गॅस बंद केला नाही. दूध ओट्यावरून खाली आलं, तेव्हा तो दोन पावलं मागं सरकला.

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. “बंद करायचं नव्हतं तर पाण्याचा हबका तरी मारायचा की रे. तापलं की हबका मारावा. एवढं साधं कळत नाही?”

“कळलं,” पदू म्हणाला.

बुधवारी परत नेट अडकलं. परत फोन.

“डबा तापलाय का बघा,” दस्तगीरभाई म्हणाले.

पदूनं हात लावून बघितलं. राउटर चांगलाच तापला होता. त्यानं तांब्याभर पाणी आणलं आणि हबका मारला.

“आता?” फोनवरून आवाज आला.

“आता गार आहे. दिवेपण शांत झालेत.”

नवा राउटर आला. अण्णांनी पदूला समोर बसवलं. “तुझी अक्कल चालवत जाऊ नकोस. लोक मागतील ते निमूट द्यावं, दोन शब्द गोड बोलावं. जग असंच चालतं.”

“बरं.”

त्याच दुपारी मागच्या आळीतले बापू पासवर्ड मागायला आले. पदूनं दिला, दोन शब्द गोड बोलला. मग शिंपी आला. मग भजनी मंडळ आलं, पेटीवाल्यासकट. गुरुवारी सकाळी आळीतली सगळी घरं पदूच्या नेटवर होती. सूनबाईच्या पडद्यावर मॅडम तोंड उघडं ठेवून थिजल्या, ते दुपारपर्यंत मिटलं नाही.

शुक्रवारी दुपारी दस्तगीरभाई स्वतः आले. “पासवर्ड बदला. घरात कुणाच्या तोंडी नसेल असा शब्द ठेवा. कुणालाही सांगायचा नाही. आणि फुटला, की हातातलं काम संपवून लगेच बदलायचा.”

“कुणालाही नाही?”

“मलासुद्धा नाही,” म्हणून दस्तगीरभाईंनी पाठ फिरवली. पदूनं मोबाइलवरून नवा पासवर्ड टाकला.

चारला दहा मिनिटं होती. सूनबाईनं लॅपटॉप उघडला. त्यानं पासवर्ड मागितला.

“अहो, पासवर्ड?”

“सांगता येत नाही.”

“मला?”

“कुणालाही नाही म्हणालेत.”

“मग तुम्ही टाका. मी बघत नाही.”

पदूनं मान हलवली. “मला तो बघितल्याशिवाय येत नाही. आधार कार्ड बघून टाकला होता. ते अण्णा तालुक्याला घेऊन गेलेत.”

सूनबाईनं त्याच्याकडं बघितलं. तो घामाघूम झाला होता. तिला लग्नाआधीची पुण्यातली एकटीची खोली आठवली, आणि त्या दिवशी तसंच राहिलेलं त्याचं ताटही.

“काय अडलंय गं सूनबाई?” ओसरीवरून सासूबाईंनी विचारलं. शेजारी गजराकाकू घेवडा मोडत होत्या.

“आई, नाव घेतल्याशिवाय हे उघडत नाही.”

“मग घे की. आम्ही कधीचं सांगतोय.”

सूनबाईनं बोटं कीबोर्डवर ठेवली. गरज नसताना ती बोलत नसे. आता गरज होती.

“कपाटावरच्या डब्याला हिरवे दिवे चार,
प्रद्युम्नरावांच्या नावानं उघडतं नेटचं दार.”

आणि दार उघडलं. गजराकाकूंच्या हातातला घेवडा तसाच राहिला. सासूबाईंनी पदराचं टोक डोळ्याला लावलं. पदूचा मात्र चेहरा उतरला. पासवर्ड फुटला होता, तोही ओसरीभर. त्यानं मोबाइल हातात घेतला आणि मग थांबला. बायको कामाला बसली होती. काही बंद करायचं नव्हतं.

पदूलाही ऐकू यावं म्हणून तिनं हेडफोन काढून ठेवला होता. अर्धा तास नेट हललं नाही. मॅडमच्या चेहऱ्यावरचा तीळसुद्धा स्पष्ट दिसत होता.

“छान,” मॅडम म्हणाल्या. “काम झालं. सोमवारपासून तुम्ही तिथूनच—”

आणि मॅडम तोंड उघडं ठेवून थिजल्या.

सूनबाईनं मागं वळून बघितलं. पदू दारात उभा होता. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात तिचं आधार कार्ड.

“काम झालं म्हणाल्या ना त्या,” तो म्हणाला. “लगेच बदलला. ह्या घरात कुणाच्याच तोंडी नाही असा ठेवलाय.”

“कुठला?”

पदूनं जमिनीकडं बघितलं.

सूनबाई उठली, ओसरीवर आली आणि दोघींच्या मधे बसली. घेवड्याची एक शेंग मोडली. मग म्हणाली,

“आई, आता तुमच्या लेकाला म्हणावं, माझं नाव घ्या.”