काट मारलेली तांबट आळी

दोष हळबे मास्तरांचा होता. तो मी त्यांच्या घरात, त्यांच्याच स्टुलावर बसून त्यांना सांगितला.

“काट का मारलीत?”

मास्तर ब्रश धूत होते. वय ब्याऐंशी. लिस्बनपासून रंगूनपर्यंत हिंडून आलेला माणूस. जिथे गेला तिथली जलरंगातली चित्रं घेऊन आला. तांब्याच्या पत्र्यावर रेखून कागदावर छापायचं एचिंग मात्र पंचवीस वर्षांत केलेलं नाही. लोक म्हणायचे, मास्तर तांब्यातून मोकळे झाले. लोक काय, काहीही म्हणतात.

प्लेट आमच्या दोघांमध्ये टेबलावर होती. वहीएवढा तांब्याचा पत्रा. त्यावर सुईनं रेखून ॲसिडनं खाल्लेली आमची तांबट आळी. ओटे, घंगाळी, आणि पुढे ऐरणीवर वाकलेला माझा बाप, रघुनाथ वडके, आमचे अण्णा. हा पत्राही त्यांनीच ठोकून दिलेला. आणि या सगळ्यावरून, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, एक खोल काट.

बापाच्या मानेवरून गेलेली.

एचिंगवाल्यांची ही रीत आहे. बारा छाप काढीन असं घेणाऱ्यांना सांगायचं, बारा काढायचे, आणि प्लेटवर आपल्याच हातानं काट मारायची. म्हणजे तेरावा निघत नाही.

बाराच्या बारा परदेशी गेले. पुढे पालिकेनं रस्त्यासाठी आळी पाडली. अण्णा भाड्याच्या खोलीत दोन वर्षं भिंतीकडे बघत बसले आणि गेले. ऐरणीवर असताना त्यांनी कधी कुणाला फोटो काढू दिला नव्हता. मी त्यांना कामावर बसलेलं पुन्हा पाहिलं ते आर्ट कॉलेजात, पडद्यावर दाखवलेल्या याच चित्रात. सरांनी काठी माझ्या बापाच्या डोक्यावर टेकवली आणि म्हणाले, इथे काळ्याचा तोल बघा.

मी त्याच दिवशी कॉलेज सोडलं.

हे सगळं मी मास्तरांना ऐकवलं. वर हेही ऐकवलं की तुम्हा म्हाताऱ्यांचा शब्द लांबच्या लोकांसाठी असतो. ज्याच्या ओट्यावर बसून चित्र काढलंत, त्याच्या घरात एक कागद नाही.

मास्तरांनी चहा घेणार का विचारलं. मी नको म्हटलं. त्यांनी आधण ठेवलंच.

“प्लेट मला द्या,” मी म्हटलं. “काट मी काढतो. मला एक छाप हवाय. एकच.”

“कशी काढशील?”

“मागून ठोकून वर आणीन, पुढून घाशीन, गेलेल्या रेघा कोरीन. तांबटाचा पोर आहे मी.”

त्यांनी खणातून हातोडी काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

...

मी भांडायच्या तयारीनं आलो होतो. हातोडीचं काय करायचं ते कळेना.

“निरंजन, कुणी भांडं आणलं आणि म्हणालं, यावरचं नाव काढून द्या, तर अण्णा काय करायचे?”

आळीतलं शेंबडं पोरही सांगेल. भांड्यावर नाव घालायचं तर पन्नास घाला. घातलेलं नाव तांबट ठोकून काढत नाही. काढून मागतो तो चोर, आणि काढून देतो तो त्याचा भाऊ.

“हाकलून द्यायचे,” मी म्हटलं. “पण हे नाव नाही, काट आहे.”

“बरं.”

“आणि ती तुमची आहे.”

“बरं म्हटलं ना. ठोक.”

मी प्लेट पालथी केली.

काटेच्या बरोबर मागे ठोके होते. जुने, काळे पडलेले, एकाला एक लागून, सगळे डावीकडे कललेले. आमच्या आळीत डावखुरा एकच होता.

“ही काट आधी एकदा निघालीय,” मी म्हटलं.

...

मास्तरांनी खाली बघतच सांगितलं. बाहेरच्या एका मोठ्या संग्रहालयानं छाप मागितला होता. बारा संपलेले. तिथल्या भिंतीवर जायची हाव सुटली. त्यांनी प्लेट अण्णांकडे नेली आणि चुकून ओरखडा गेला म्हणून सांगितलं. अण्णांनी विश्वासानं ठोकून, घासून आरशासारखी करून दिली. मास्तरांनी गेलेल्या रेघा कोरल्या, छाप काढून पाठवला, आणि मग त्याच जागी पुन्हा काट मारायला बसले. त्याच वेळी अण्णा नवा पत्रा घेऊन दारात आले. काट मुद्दाम मारली जाते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. आले तसे पत्रा काखेत मारून परत गेले.

माझं डोकं फिरलं. “म्हणजे चोरी केलीतच. मग त्यांच्यासाठीही एक काढायचा होता.”

“काढला होता. चौदावा. तोच घेऊन गेलो माफी मागायला.”

“मग?”

“भट्टीत घातला त्यांनी.”

...

दोन म्हाताऱ्यांचा ताठा, आणि हात रिकामे माझे. अण्णांचा मला इतका राग याआधी कधी आला नव्हता. घरात एक कागद राहिला असता तर काय बिघडलं असतं त्यांचं? आणि हे दुसरे; एका माणसानं तोंड फिरवलं तर जन्माचं काम टाकून देशोदेशी पाण्यात रंग कालवत फिरले.

हातोडी माझ्या हातातच होती. चहा उतू गेला, कुणी उठलं नाही.

“अण्णांनी दिला नाही तरी पत्रा बाजारात मिळतो, मास्तर,” मी म्हटलं. “दुसरा आणायचा.”

“आणले. तीन आणले.”

...

“पंचवीस वर्षं झाली. एकावरही माझ्या हातून रेघ उमटली नाही.”