ठमाबाईच्या तीन हाका

मघाशी तुमच्या ड्रायव्हरनं गाडीतून उतरून "अहो, कुणी आहे का?" असं विचारलं आणि चार घरांतून, एका गोठ्यातून आणि तिकडं विहिरीवरून एकदमच "ओ!" आली. तुम्ही हसलात, मी पाहिलं. हसा, मला राग नाही. पेंढरखारात पहिल्यांदा येणारा माणूस हसतोच. आमच्याकडं हाक कुणाचीही असो, कुणालाही असो, कानावर पडली की ओ द्यायची. जेवत असलो तर घास गिळून, भांडत असलो तर भांडण थांबवून. शाळेत नवे गुरुजी आले तेव्हा हजेरीला एका पोराचं नाव घेतलं की अख्खा वर्ग ओ द्यायचा. गुरुजी महिनाभर हैराण होते.

आता त्या दुर्बिणी जरा खाली ठेवा आणि पायाखालचा हा बांध बघा. पलीकडे खाडी, अलीकडे भात, मधे एवढी मातीची भिंत. उधाणाचं खारं पाणी एकदा आत शिरलं की तीन वर्षं त्या जमिनीत भात होत नाही. आणि तो उंचवटा दिसतोय ना, ज्याच्यावर कुणी घर बांधत नाही, ते ठमाबाईचं टेकाड. ओ देण्याची रीत तिथूनच निघाली असं सांगतात.

किती जुनी गोष्ट ते विचारू नका. माझ्या आजोबांना त्यांच्या आजोबांनी सांगितलेली. ठमाबाई गावातली एकटी विधवा बाई. नवरा खाडीनं नेलेला, मूलबाळ नाही. कामाला वाघीण आणि बोलायला त्याहून. त्या काळी बांधाचे वाटे पाडलेले असत. प्रत्येक घरानं आपला वाटा पावसाआधी लिंपायचा. मुठे, म्हणजे चिखलातले खेकडे, बांधात बिळं करतात, ती हुडकून बुजवायची.

गावाचा कारभार जोमा पाटलाकडं होता. पाटील वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. आजारी माणसाच्या घरी स्वतः भात पोचवायचा, म्हणे. पण चारचौघांत कुणी चूक दाखवली की त्याचं डोकं फिरायचं. अशी माणसं तुमच्याकडंही असतील, मला नावं सांगू नका.

तर गावकीच्या बैठकीत ठमाबाई उठली आणि सरळ म्हणाली, "पाटील, तुमच्या वाट्याला मुठ्यांनी बिलां केलीत. उधानाला टिकायचा नाय बांध."

पाटील लालबुंद. म्हणाला, "भरल्या बैठकीत माझी आब्रू काढतेस? मापी माग."

"आधी बिलां बुजवा, मंग मापी मागीन," ठमाबाई म्हणाली आणि खाली बसली.

दुसऱ्या दिवशी गावदेवीपुढं नारळ ठेवून गावानं शपथ घेतली. ठमाबाई वाळीत. तिला पाणी द्यायचं नाही, विस्तव द्यायचा नाही, तिच्या हाकेला ओ द्यायची नाही. सगळ्यांना ते पटलं होतं का? नसणार. पण जो तो शेजाऱ्याच्या तोंडाकडं बघत राहिला आणि शेजारी ह्याच्या. अशानं शपथ पुरी झाली. ठमाबाईनं गाव सोडलं आणि बांधाला लागून त्या टेकाडावर पेंढ्याची झोपडी घातली. विस्तव मागायची सोय नव्हती, म्हणून तिनं चुलीतला निखारा पावसाळाभर विझू दिला नाही. पाटलानं बिळांकडं फिरून पाहिलं नाही. बुजवली असती तर ती खरी ठरली असती ना!

मग सर्वपित्री अमावस्या आली. भात निसवलेलं, दाणा भरत होता. अमावस्येची मोठी भरती ऐन दुपारी आली, वरून पश्चिमेचा वारा. ठमाबाईनं नवऱ्याच्या नावानं पान वाढलं आणि बाहेर ठेवायला आली, तर पाटलाच्या वाट्यात बांधाला खांड, म्हणजे भगदाड, पडलेली. आधी हाताएवढी, बघता बघता सुपाएवढी. एकट्या बाईनं बुजवण्यासारखी ती नव्हती.

तिनं गावाच्या दिशेनं हाक मारली. एकदा, दोनदा, तीनदा. गावात ऐकू गेली का? गेली. पुढं सगळ्यांनी तशी कबुली दिली. त्या वेळी घरोघर माणसं अंगणात पानं मांडून "काव, काव" करत कावळ्यांना बोलावत होती. मेलेल्यांनी यावं म्हणून गाव घसा कोरडा करत होतं आणि जिवंत बाईच्या हाकेला कुणी ओ देत नव्हतं. हे सांगताना मला आजही लाज वाटते. ती माझीच माणसं होती.

ठमाबाईला गाव पुरतं ठाऊक होतं. सगळी घरं पेंढ्याची, त्यामुळं आग दिसली की कुणाचं घर ते न विचारता धावायचं, हा गावचा त्या शपथेहून जुना नेम. तिनं नवऱ्याचं पान उचलून बांधावर ठेवलं. चुलीतलं जळतं लाकूड घेतलं आणि आपल्याच झोपडीला लावलं. आत पुढच्या वर्षाचं बियाणं होतं, जातं होतं, नवऱ्याचं जाळं होतं. तिच्याजवळ एवढंच होतं.

धूर दिसला आणि गाव हंडे-कळश्या घेऊन धावलं. बघतात तर झोपडी धडधडा जळतेय आणि ठमाबाई तिच्याकडं पाठ करून, कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून खांडीत चिखल टाकतेय. कुणीतरी झोपडीवर कळशी रिकामी करायला वळला. तेव्हा ती ओरडली, "घर जलूदे! बांध धरा!"

आणि गर्दीतून ओ आली. खणखणीत, शपथ विसरून. ती ओ जोमा पाटलानं दिली होती.

पहिली उडी त्यानंच टाकली. मग सगळ्यांनी. माणसांची भिंत करून, पेंढा, चिखल, कुणी अंगावरचं घोंगडं, हाताला लागेल ते दाबत राहिले. ओहोटी लागली तेव्हा बांध उभा होता आणि झोपडीची राख झाली होती. पाटील तोंड वर करेना. तेव्हा चिखलानं माखलेली ठमाबाई त्याच्यासमोर आली, हात जोडले आणि म्हणाली, "बिलां बुजली, पाटील. आता मी मापी मागतंय."

दिलेला शब्द पाळला हो बाईनं! पाटील तिथंच चिखलात बसला आणि पोरासारखा रडला, असं सांगतात. त्याच ओल्या कपड्यांनी तो देवीपुढं गेला. म्हणाला, "शपथ मी मोडली, पाप माझं. पन आता दुसरी घेतंय. ह्या गावात हाकेला ओ मिलनार नाय, असं पुन्यांदा व्हायचं नाय."

भात कापल्यावर प्रत्येक घरानं एकेक पेंढी आणि पायलीभर बियाणं टेकाडावर नेलं, झोपडी पुन्हा उभी राहिली. त्यानंतर पेंढरखारात कुणालाही वाळीत टाकलेलं नाही. भांडतो आम्ही, भरपूर भांडतो. माझा आणि रामा ठाकुराचा कुंपणावरून अकरा वर्षं अबोला. पण परवाच्या पावसात ह्याच बांधावरून मी घसरलो, छातीपर्यंत चिखलात रुतलो आणि हाक मारली, तर पहिली ओ त्याची आली. बाहेर काढलं मला, आणि पुन्हा अबोला! मी त्याचा ऋणी आहे, आणि त्याच्याहून जास्त ठमाबाईचा.

आजही सर्वपित्रीला दुपारी गावातली सगळ्यांत म्हातारी बाई त्या टेकाडावर जाते आणि गावाकडं तोंड करून तीन हाका मारते. अंगणाअंगणातून ओ येते, मगच आम्ही कावळ्यांना बोलावतो. तीन हाकांची ओ द्यायची राहिली होती ना आमची. ती अजून देतोय.